गालिच्यावरचा संगमरवरी खांब

१८३९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस पॅरिस येथे विज्ञान आणि ललितकला या दोन्ही अकादमींच्या संयुक्त सभेत छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य कृती जगापुढे मांडण्यात आली. ज्याच्या नावाने ही कृती ओळखली गेली तो लुई दागेर पेशाने शास्त्रज्ञ नव्हता. तो नाटकांचे पडदे रंगविणारा नेपथ्यकार होता. १८२२ साली त्याने पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ नावाचे एक चित्रगृह उघडले होते. तेथे प्रचंड आकाराच्या पातळ कापडावर देखावे रंगविलेले असत, आणि त्यांवर पुढून व मागून पडणारा प्रकाश हळूहळू बदलला की प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिवसाची रात्र होई. १८३९ च्याच मार्च महिन्यात हे चित्रगृह आगीत जळून खाक झाले. निसर्गाने स्वतःच्या हाताने काढलेले निखळ सत्यचित्र म्हणून ज्या कलेचे स्वागत झाले, ती अशा रीतीने एका कसलेल्या मायाबाजारवाल्याच्या हातून जगात आली. पुढे पुरती दोन-तीन वर्षे लोटली नाहीत तोच तिच्या मागे रंगविलेला पडदा येऊन उभा राहिला. तो पडदा आणि त्याच्यापुढचा सरंजाम यांची ही हकीकत आहे.

लंडनमधील पहिला धंदेवाईक स्टुडिओ रिचर्ड बिअर्ड याने २३ मार्च १८४१ रोजी रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर सुरू केला. छप्पर निळ्या काचेचे होते, कारण उघड्या उन्हात गिऱ्हाइकाला डोळे उघडे ठेवणे कठीण जाई. एका चित्राची किंमत साधारण एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग पडे. शेतमजुराची आठवड्याची कमाईही त्याहून कमी होती. एवढे पैसे मोजून माणसाला मिळे काय, तर तळहातावर मावेल एवढा चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. आणि तो मिळविण्यासाठी काही सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंत पुतळ्यासारखे निश्चल बसावे लागे. पापणी लवली तर चालत असे. मान हलली की चेहऱ्याचा धुरळा होई.

या निश्चलतेच्या गरजेतून स्टुडिओतील पहिले सामान जन्मले. खुर्चीच्या मागे एक जड बुडाचा लोखंडी टेकू उभा केलेला असे व त्याच्या वरच्या टोकाला असलेल्या दोन चिमट्यांत मानेचा मागचा भाग अलगद धरला जाई. अनेक जुन्या चित्रांत उभ्या असलेल्या गृहस्थाच्या बुटांमागे या टेकूचे बूड स्पष्ट दिसते. अशा टेकूंवर प्रेते उभी करून त्यांची छायाचित्रे काढीत, असा एक समज अलीकडे फार पसरला आहे. त्यात तथ्य नाही. निर्जीव देहाचा भार पेलण्याची त्या टेकूत ताकदच नव्हती, आणि मृतांची जी छायाचित्रे काढली जात ती बहुधा निजलेल्या स्थितीतलीच असत. टेकूची गरज जिवंत माणसाला होती. उभ्या माणसाला हात ठेवायला काहीतरी हवे, म्हणून अर्धा खांब आला. बसणाऱ्याचे कोपर टेकायला मेज आले. हातांची चुळबुळ थांबावी म्हणून पुस्तक आले. तान्ह्या मुलांना कोणताच टेकू पुरत नसे. तेव्हा आईलाच डोक्यापासून पायापर्यंत कापडात गुंडाळून खुर्चीसारखे बसवीत व तिच्या मांडीवर मूल ठेवीत. अशी चित्रे आज पाहिली म्हणजे त्या कापडाखालचे गुडघे नजरेतून सुटत नाहीत.

म्हणजे नेपथ्याचा आरंभ गरजेत होता. पण गरज तेवढ्यावर थांबली नाही. मूळचा फ्रेंच आणि लंडनमध्ये काचेचा व्यापार करणारा आंत्वान क्लोदे याने बिअर्डच्या पाठोपाठ स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १८४१ सालच्या डिसेंबरात घेतलेल्या एका पेटंटात, इतर सुधारणांबरोबरच, बसणाऱ्याच्या मागे रंगविलेला पडदा लावण्याची कल्पनाही नोंदवून ठेवली. नुसती करडी भिंत पाहून गिऱ्हाईक कंटाळते, हे त्या चतुर व्यापाऱ्याने पहिल्याच वर्षी ओळखले होते.

खरा बहर आला तो पुढच्या वीस वर्षांत. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवरील ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे वेळ कमी लागू लागला आणि एका काचेवरून हव्या तितक्या कागदी प्रती निघू लागल्या. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी याने एकाच काचेवर आठ लहान चित्रे घेण्याचे पेटंट मिळविले. भेटपत्रिकेच्या आकाराची, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली ही चित्रे स्वस्त होती. १८६० साली मेयॉल या छायाचित्रकाराने व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या कुटुंबीयांची अशीच लहान चित्रे विक्रीस काढली, आणि मग या छंदाला ऊत आला. घरोघरी आल्बम आले. राणी पहिल्या पानावर आणि तिच्यामागून काका, मामी, धर्मोपदेशक, नटी अशी सगळी मंडळी एकाच मापाच्या चौकटींत बसू लागली. लंडनच्या पॉर्चेस्टर टेरेसवर कामीय सिल्व्ही याने १८५९ पासून १८६८ पर्यंत चालविलेल्या एकट्या स्टुडिओत सुमारे सतरा हजार बैठका झाल्या. त्यांच्या नोंदवह्या लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जतन केलेल्या आहेत. त्यांची पाने चाळताना एकच कठडा, एकच खुर्ची आणि मोजके पडदे वेगवेगळ्या उमरावांच्या दिमतीस पुन्हा पुन्हा हजर झालेले दिसतात.

या सामानाच्याही ऋतूंप्रमाणे तऱ्हा बदलत गेल्या. साठाव्या दशकात कठडा, खांब आणि एका बाजूला ओढून बांधलेला जड पडदा यांचे राज्य होते. पुढच्या दशकात ग्रामीण साधेपणाची हौस आली. ओबडधोबड लाकडांचा पूल, शेताच्या कुंपणावरून पलीकडे जाण्याची पायरी आणि वाळक्या गवताचे भारे स्टुडिओत शिरले. ऐंशीनंतर दोरीचा झुला, झोपाळा आणि आगगाडीच्या डब्याची खिडकी आली. नव्वदनंतर कुंडीतले ताड, काकाकुवा आणि सायकल. विसावे शतक उजाडल्यावर मोटारगाडी. हे सारे पुरविणारे स्वतंत्र व्यापारी होते. कागदाच्या लगद्याचे खडक इतके हलके असत की पोऱ्याने ते एका हाताने उचलावेत. पाठ बदलता येणारी खुर्ची मिळे. तीच खुर्ची सकाळी गॉथिक सिंहासन व्हावी आणि दुपारी बागेतले साधे आसन. न्यूयॉर्कचा सीव्ही नावाचा पडदेवाला मुळात नाटकगृहांचे नेपथ्य रंगवीत असे. त्याने छायाचित्रकारांसाठी पडदे रंगविण्याचा मोठाच धंदा उभा केला. दागेरपासून सुरू झालेले रंगभूमीचे आणि कॅमेऱ्याचे नाते असे पुन्हा जुळले.

हे पडदे रंगविण्याचे शास्त्र नाटकाच्या पडद्याहून थोडे निराळे होते. कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळी असे. तेव्हा निळे आकाश पांढरे फटक उमटे आणि तांबूस विटांची भिंत काळी पडे. म्हणून पडदेवाले रंगांचा नाद सोडून करड्या रंगाच्या छटांतच सारा देखावा उतरवीत. पडदा माणसाच्या पुष्कळ मागे टांगला म्हणजे तो अंमळ धूसर होई, आणि ते धूसरपण अंतराचा भास निर्माण करी. सर्वांत अवघड जागा म्हणजे पडदा जेथे जमिनीला टेकतो ती रेघ. ती झाकण्यासाठीच ते खडक, ते गवत आणि त्या फर्नच्या कुंड्या येत. तरीही चुका होतच. पडद्यावरच्या झाडांची सावली डावीकडे, तर माणसाची उजवीकडे. मागे वादळी समुद्र आणि पुढे इस्त्रीची घडी न मोडलेला कोट. टीकाकारांचा आवडता विनोद मात्र खांबाचा होता. संगमरवराचा खांब पायथ्याच्या दगडी चौथऱ्यावर उभा राहतो, फुलांच्या गालिच्यावर नव्हे, एवढे कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. स्टुडिओवाल्याला तेवढे सुचू नये याची त्यांना मौज वाटे. लुइस कॅरॉल हा स्वतः हौशी छायाचित्रकार होता. त्याने १८५७ साली लिहिलेल्या एका विडंबनकाव्यात कुटुंबाचा फोटो काढवून घेणारे वडील मखमली पडदा आणि भव्य खांब यांचाच आग्रह धरतात. थट्टा करण्याइतका हा प्रघात तेव्हाच शिळा झाला होता.

पण या थट्टेत एक गोष्ट निसटते. खांब आणि पडदा ही जोडी छायाचित्रकारांनी शोधलेली नव्हती. व्हॅन डाइकपासून रेनॉल्ड्सपर्यंतच्या चित्रकारांनी राजेरजवाड्यांची जी तैलचित्रे रंगविली, त्यांत खांब म्हणजे घराण्याचे स्थैर्य, कठड्यापलीकडचा हिरवा मुलूख म्हणजे मालकीची जमीन, आणि बाजूला सारलेला पडदा म्हणजे त्या वैभवाचे दर्शन घडविणारा दरवाजा. शेकडो वर्षे ही भाषा फक्त ज्यांच्या पदरी चित्रकार होता त्यांनाच बोलता येत होती. आता स्वस्त दुकानांतून शिलिंगभर पैशांत किराणा विकणारा, शाळामास्तर, घरकाम करणारी मुलगी असे कोणीही त्या खांबाला हात टेकून उभे राहू शकत होते. गालिच्यावर उभा असलेला तो पोकळ खांब खोटा होता यात शंका नाही; पण त्याला टेकलेल्या माणसाची, आपणही चित्रात येण्याजोगे आहोत, ही भावना खोटी म्हणता येणार नाही. त्या मुलीने रविवारची सुट्टी घेऊन, ठेवणीतला झगा घालून, काचेच्या छपरापर्यंतचे जिने चढून येण्याची तसदी उगाच घेतली नव्हती. खांबाला हसणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी पूर्वजांची तैलचित्रे टांगलेली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

हा सरंजाम किती जाणतेपणाने वापरता येतो याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. गुलामगिरीत जन्मलेली आणि पुढे मुक्तिवादी वक्ती म्हणून गाजलेली सोजर्नर ट्रूथ आपल्या सभांच्या ठिकाणी स्वतःची छायाचित्रे विकून निर्वाह करीत असे. त्या चित्रांत ती साध्या पण नीटस पोशाखात बसलेली आहे. हातात विणकाम, शेजारच्या मेजावर फुले आणि पुस्तक. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण ज्या समाजाने तिच्या जातीला केवळ राबणारे हात मानले होते त्याच्यापुढे ती घरंदाज, स्वस्थ, विचारी स्त्री म्हणून बसू इच्छीत होती, आणि मेजावरच्या चार वस्तूंनी ते शब्दांवाचून सांगितले. १८६४ साली तिने आपल्या छायाचित्राच्या हक्काची नोंद स्वतःच्या नावे केली. येथे नेपथ्य मांडणारा आणि चित्रात बसणारा यांची इच्छा एकच होती.

सगळीकडे तसे नव्हते. त्याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन याने येथील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा एक ग्रंथ तयार केला. त्याचा पहिला खंड १८६३ साली आणि दुसरा १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातील जाती आल्या आहेत. त्यातील पुष्कळ चित्रे पाहताना एखादी गोष्ट खटकते. माणसे एका उजेडात उभी आहेत आणि त्यांच्यामागची मुंबई दुसऱ्या. माणसांची चित्रे वेगळी घेऊन ती मुंबई परिसरातील स्थळांच्या वेगळ्या चित्रांवर जोडलेली आहेत. लंडनच्या दुकानदारामागे छायाचित्रकाराने रंगविलेला बगीचा ठेवला तो त्याच्या हौसेखातर. येथे माणसामागे जे स्थळ ठेवले ते त्याला जातीचा नमुना म्हणून ओळखता यावे म्हणून. त्याला त्या जागी उभे राहायचे आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उद्भवत नव्हते.

नेपथ्याची कमाल पाहायची असेल तर कॅनडात जावे लागते. स्कॉटलंडमधून १८५६ साली माँट्रिआलला आलेल्या विल्यम नॉटमन याने तेथील हिवाळा चार भिंतींच्या आत आणला. बाहेर खरे बर्फ हात-हातभर साठलेले असे. पण त्या थंडीत ओली काच तयार करून गिऱ्हाइकाला निश्चल उभे करणे शक्य नव्हते. नॉटमनने जमिनीवर मीठ पसरले, पांढऱ्या केसाळ कातड्यांचे ढिगारे रचले आणि गोठलेल्या तळ्यासाठी घासून लखलखीत केलेला जस्ताचा पत्रा अंथरला. त्यावर बर्फावरच्या बुटांनिशी स्त्रिया डौलात उभ्या राहिल्या. पडणारे हिम हवे असेल तर छायाचित्र झाल्यावर काचेवर पांढऱ्या रंगाचे बारीक तुषार उडविले जात. १८६६ साली त्याने कर्नल ऱ्होड्स नावाच्या शिकाऱ्याला घेऊन शिकारीच्या प्रसंगांची एक मालिकाच स्टुडिओत उभी केली: तंबू, खरी झाडे, मारलेली जनावरे, आणि रात्रीच्या शेकोटीच्या जागी मॅग्नेशियमचा भडका. ही चित्रे पाहून इंग्लंडमधील लोकांनी कॅनडाचा हिवाळा म्हणजे काय याची कल्पना केली. ती कल्पना मिठाची होती हे खरे; मात्र खुद्द कॅनडातील लोकांनीही ती चित्रे आवडीने विकत घेतली, आणि त्यांना बर्फ म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको होते. आपला हिवाळा आपण पाहतो तसा नव्हे, आठवतो तसा त्यांना तेथे सापडला असावा. नॉटमनच्या स्टुडिओचा प्रचंड संग्रह माँट्रिआलच्या मॅकॉर्ड संग्रहालयात आहे.

या सगळ्या पसाऱ्याकडे पाठ फिरविणारेही होते. पॅरिसमध्ये नादारने साध्या पार्श्वभूमीवर केवळ चेहऱ्याचा आणि उजेडाचा आधार घेतला. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गरेट कॅमेरॉन या बाईने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हाती घेतला आणि हर्शेल, कार्लाइल अशा थोरांची मस्तके अंधारातून उगवल्यासारखी टिपली. तिच्या या चित्रांत खांब नाही, मेज नाही. काही वेळा नीट रेखीवपणाही नाही. मात्र तिनेच पुढे आर्थर राजाच्या कथांतील प्रसंग घरच्या माणसांना पोशाख चढवून उभे केले आणि त्यात ती पुरती नाटकी झाली. नेपथ्याविरुद्ध सर्वांत प्रभावी साक्ष बहुधा रॉबर्ट हाउलेट याच्या एका चित्राची आहे. १८५७ साली टेम्सच्या काठी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज पाण्यात लोटण्याच्या खटपटी चालल्या असता त्याने अभियंता ब्रुनेल याला जहाजाच्या साखळ्यांपुढे उभे केले. उंच टोपी, तोंडात चिरूट, चिखलाने माखलेले बूट. त्या साखळीची एकेक कडी माणसाच्या डोक्याहून मोठी. येथे पार्श्वभूमी खरी आहे. तरीही चित्र पाहिले की कळते, हाउलेटने त्या साखळ्यांचा पडदाच केला आहे. जागा निवडणे हेही एक नेपथ्यच होते.

मग हे नेपथ्य कोठवर क्षम्य आणि कोठून पुढे लबाडी? हा प्रश्न कलासमीक्षकांच्या हातून सुटून १८७७ साली लंडनमध्ये एका लवादापुढे गेला. डॉक्टर बर्नार्डो हा आयरिश धर्मप्रचारक लंडनच्या पूर्व भागात निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असे. १८७४ पासून आश्रमातच त्याचा छायाचित्र विभाग होता. तेथे एकाच मुलाची दोन चित्रे घेत: एकात तो फाटक्या चिंध्यांत, अनवाणी, दुसऱ्यात स्वच्छ, हाती अवजार घेऊन कामाला लागलेला. ही जोडचित्रे विकून आश्रमासाठी पैसे उभे राहत. एका धर्मोपदेशकाने बर्नार्डोवर जे अनेक आरोप केले त्यांत एक असा होता की, ही दैन्याची चित्रे बनावट आहेत. मुलांचे कपडे मुद्दाम फाडले जातात, आणि जिने कधी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली नाहीत तिला वर्तमानपत्रे विकणारी म्हणून उभे केले जाते. बर्नार्डोचा बचाव असा की, ते चित्र त्या एका मुलाचे नव्हे, त्याच्यासारख्या असंख्य मुलांचे प्रतिनिधी आहे. लवादाने आश्रमाच्या कारभाराला बहुतांशी निर्दोष ठरविले; पण या चित्रांच्या बाबतीत मात्र त्याने बर्नार्डोचे म्हणणे मान्य केले नाही. वस्तुस्थिती म्हणून सांगताना कलेची कल्पित मांडणी वापरणे हे गैर आहे, आणि त्याला आळा घातला नाही तर त्यातून फसवणुकीची पद्धतच उभी राहील, असा त्याचा अभिप्राय पडला. त्यानंतर तशी जोडचित्रे करणे बर्नार्डोला थांबवावे लागले.

लवादाने बोट ठेवले ते नेमक्या जागी. खांबाला टेकून उभ्या असलेल्या वाण्याने, हा खांब माझ्या वाड्यातला आहे, असा दावा कधी केला नव्हता. घेणारा आणि देणारा दोघेही ते नाटक जाणत होते. बर्नार्डोच्या चित्रात मात्र नाटक पाहणाऱ्यापासून लपविले होते, आणि चिंध्या अंगावर घालणाऱ्या पोराला कोणी विचारले नव्हते. बर्नार्डोचा हेतू चांगला होता, त्याच्या आश्रमाने हजारो मुले वाचविली, हे खरे असूनही त्या मुलीच्या वाट्याला आलेले अनवाणीपण तिचे नव्हते.

याला सात वर्षे होतात न होतात तोच अटलांटिकच्या पलीकडे याच पडद्यांविषयी दुसरा निवाडा झाला, आणि तो अगदी उलट दिशेने गेला. न्यूयॉर्कचा नेपोलियन सरोनी हा नटनट्यांची छायाचित्रे काढण्यासाठी विख्यात होता. १८८२ सालच्या जानेवारीत ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांच्या दौऱ्यावर अमेरिकेत आला तेव्हा सरोनीने त्याची वीसाहून अधिक चित्रे घेतली. त्यांपैकी अठराव्या क्रमांकाचे, हातात पुस्तक घेऊन बसलेल्या वाइल्डचे चित्र एका शिळाछापाच्या कंपनीने परवानगीवाचून छापून त्याच्या ८५,००० प्रती बाजारात आणल्या. सरोनी न्यायालयात गेला. कंपनीचा युक्तिवाद बिनतोड वाटण्याजोगा होता: छायाचित्र हे यंत्राचे काम, समोर जे आहे त्याची नक्कल, त्याला कर्ता कसला आणि कर्त्याचा हक्क कसला?

१७ मार्च १८८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरोनीच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती मिलर यांच्या निकालपत्रात हे चित्र सरोनीच्या स्वतःच्या कल्पनेतून निर्माण झाले आहे असे म्हटले, आणि पुरावा म्हणून काय मांडले? वाइल्डला बसविण्याची ढब, पोशाख, पडद्यांची आणि इतर सामानाची निवड व मांडणी, छायाप्रकाशाची रचना, चेहऱ्यावर आणविलेला भाव. म्हणजे कॅमेरा, काच आणि रसायने यांना निकालाच्या तराजूत फारसे वजन नव्हते. वजन होते ते चाळीस वर्षे ज्याची टवाळी झाली त्या पडद्या-खुर्चीला. येथे आणखी एक गंमत अशी की, सरोनी स्वतः सहसा कॅमेऱ्याला हात लावीत नसे. ते काम त्याचा सहायक करी. सरोनी समोर उभा राहून हावभाव करीत गिऱ्हाइकाला रंगात आणी. न्यायालयाने ज्याला कर्ता म्हटले तो खऱ्या अर्थाने सूत्रधार होता. दंडाची रक्कम ठरली सहाशे दहा डॉलर.

चारच वर्षांनी, १८८८ साली, जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला. माणसे स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या कुत्र्यासह, वाकडीतिकडी उभी राहून एकमेकांची छायाचित्रे काढू लागली आणि मानेमागचा लोखंडी टेकू अडगळीत गेला. पडदे मात्र इतक्या लवकर गेले नाहीत. जत्रांतून, समुद्रकाठच्या करमणुकीच्या ठिकाणी आणि लहान गावांतील स्टुडिओंतून ते नंतरही दीर्घकाळ टांगलेले राहिले. भारतातील कितीतरी गावांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही नवविवाहित जोडपी रंगविलेल्या जिन्यापुढे आणि चंद्रप्रकाशातील तळ्यापुढे उभी राहत होती.

सरोनीच्या निकालाचे आयुष्य तर त्याहूनही चिवट ठरले. २०२३ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयापुढे असा प्रश्न आला की, माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय संगणकाने आपोआप तयार केलेल्या चित्राला लेखनहक्क मिळू शकतो काय. न्यायाधीशांनी नाही असे उत्तर दिले, आणि ते देताना ज्या जुन्या निकालांचा आधार घेतला त्यांत १८८४ चा हा निकाल होता: ऑस्कर वाइल्डला कोणी बसविले, त्याच्या अंगावर कोणता पोशाख चढविला आणि त्याच्या भोवती पडदे कोणी मांडले, याची चौकशी करणारा.